एकशेऐंशी अंशांचे व्याही

जगातल्या यच्चयावत प्राणिमात्रांची किंमत त्यांच्या शेपटीवरून ठरते असं मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि दैवाने तो नेमका माझा व्याही करून ठेवला आहे. शेजारी असता तर मी घर बदललं असतं. साडू असता तर बायकोकरवी परस्पर बंदोबस्त केला असता. पण व्याही हे नातं असं की, त्यात मुलीच्या बापाने दातओठ खायचे तेही हसऱ्या चेहऱ्याने. अलिबागच्या कोर्टात मी सारी नोकरी केली. भल्याभल्या वकिलांना "कागद अपुरे आहेत" एवढंच सांगून मी माघारी धाडलेलं आहे. अशा मला शेवटी भेटले कोण, तर काचेच्या बरणीतल्या दोन इंची माशाची शेपटी कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजणारे गृहस्थ. तो कोनमापकही त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आमच्या जावयाच्या, शाळेतला. आमचे जावई भूमितीत कच्चे का राहिले, याचं कारण मला तिथे सापडलं.

आमचं घराणं मूळचं पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. त्यांचं काशीदच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यातलं, होड्यांचं. पोरांनी आपापसांत जमवलं तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "मीठ आणि मासा! याहून चांगली सोयरीक कुठली?" मला काय ठाऊक, की त्या घरातला मासा खाऱ्या पाण्यात टाकला तर मरतो! त्यांचे भाऊ अजून होड्या चालवतात, थोरली बहीण बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते, आणि यांना होडी लागते. लहानपणी वडिलांनी एकदा समुद्रावर नेलं, तेव्हा पोराने ओकून ओकून अशी गत करून घेतली की जाळं न टाकताच होडी माघारी आणावी लागली. "याला शाळंत घाला," असं वडील म्हणाले, आणि त्या घराण्यातला पहिला कारकून जन्माला आला. पुढे बायको अकाली गेली. मुलगा लहान होता. त्याचा जीव रमावा म्हणून अलिबागहून एक मासा आणला, दुकानदार ज्याला फायटर म्हणतात आणि ज्याला फायटर म्हटलेलं आमच्या व्याह्यांना खपत नाही, तो. "फायटर सिनेमात असतात. बेट्टा म्हना." मुलाचा जीव त्यातून लवकरच उडाला. बापाचा जो अडकला तो अडकलाच. त्यांच्या थोरल्या बहिणीने मला पहिल्याच भेटीत हात जोडून सांगितलं होतं, "आमी जलमभर मासं इकलं, नि ह्यो माशाला आरसा दाखवत बसलाय. बरं, सगळ्या बरन्या उपड्या केल्या तरी वाटीभर कालवन न्हाय व्हनार!"

ती पहिली भेट मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलीचा बाप म्हणून मी बायकोला घेऊन घर बघायला गेलो होतो. घर कुठे दिसेल तर ना! भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळीवर काचेच्या बरण्या, एका बरणीत एकच मासा, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. हा पुठ्ठा अशासाठी, की या जातीतल्या नराला दुसरा नर दिसला की तो फुलून अंगावर धावतो. "बसा" नाही, "पाणी घ्या" नाही, "प्रवास कसा झाला" नाही. हात धरून त्यांनी मला फळीपाशी नेलं आणि शिकवणीच सुरू केली. "हा व्हेलटेल. ओल्या लुगड्यावानी लोंबतंय शेपूट. दिसाया बरा, पन ताठा न्हाय. हा क्राउनटेल, निसते काटे, शेपूट कमी नि खराटा जास्ती. हा डबलटेल. दोन शेपट्या, आता जायाचं कंच्या बाजूनं ते त्याचं त्यालाच कलत न्हाय. हा डेल्टा, तो सुपरडेल्टा, म्हंजे डेल्टाचा थोरला भाऊ. नि हा बघा हाफमून!" हाफमून म्हणजे शेपटी पुरती उघडल्यावर बरोब्बर अर्धा चंद्र झाला पाहिजे, वरची कड आणि खालची कड एका सरळ रेषेत, एकशेऐंशी अंश. मी सौजन्याने म्हणालो, "हा सुपरडेल्टाही जवळपास तसाच दिसतो की." त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या मुलाला चोर म्हणालो. "जवलपास? व्याही, एकशेएकोनऐंशी म्हंजे हाफमून न्हाय. कोर्टात तुमी जवलपास फाशी देता काय?"

निघताना मी अवघडून विचारलं, "आमची मुलगी पसंत आहे ना?" ते म्हणाले, "पोरगी तुमची प्लाकाट हाय." मी जागच्या जागी ती सोयरीक मोडणार होतो. बायकोने कोपर मारलं म्हणून थांबलो. प्लाकाट म्हणजे आखूड शेपटीचा, मजबूत, चपळ, कुठल्याही पाण्यात टिकणारा मासा, आणि त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही, हे मला पुढे जावयांनी समजावलं. कारण हे गृहस्थ माणसांनाही शेपट्या लावतात. गावातले एक पुढारी डबलटेल. शनिवार-रविवारी मोठाल्या गाड्या घेऊन काशीदच्या किनाऱ्यावर उतरणारे मुंबईकर रोझटेल, म्हणजे ज्यांच्या शेपटीचा पसारा इतका की तो त्यांना स्वतःलाच ओढवत नाही. माझी बायको हाफमून. हे ऐकल्यापासून ती व्याह्यांविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही. मी उगीच विचारलं, "आणि मी?" क्षणभरही विचार न करता ते म्हणाले, "व्हेलटेल. पेन्शनीत गेल्यापास्नं लोंबताय तुमी."

लग्नाच्या पत्रिका छापायच्या असल्या की मुलाचा बाप छापखान्यात देवीदेवतांची चित्रं निवडतो. आमचे व्याही पिशवीतून बरणी घेऊन गेले. पत्रिका बरणीच्या उंचीची हवी, कागद पाण्याने न फुगणारा हवा आणि पाठ कोरी हवी. माणसं बोलवायची शंभर घरची आणि पत्रिका काढल्या त्याच्या दुप्पट. उरलेल्या सगळ्या आजतागायत बरण्यांच्या मध्ये उभ्या आहेत. माझ्या मुलीचं शुभनाव, माझं नाव, माझ्या स्वर्गवासी वडिलांचं नाव, "आपली उपस्थिती हाच आहेर", हे सगळं वर्षानुवर्षं माशांना एकमेकांच्या नजरेआड करण्याच्या कामी आलेलं आहे. माझ्या बायकोने हौसेने रुखवत मांडलं होतं. काचेच्या बरण्यांत लाडू, चकल्या, मिरगुंडं. सगळे पाहुणे पदार्थ बघत होते. व्याही खाली वाकून बरण्यांचे बूड बघत होते. महिन्याभराने मुलीकडे गेलो तर लाडवांच्या बरणीत क्राउनटेल फिरत होता.

आणि लग्नाचा दिवस! भटजी घड्याळाकडे बघताहेत, वऱ्हाडाच्या मुठीत अक्षता, अंतरपाट धरलेला, आणि मुलाचा बाप गायब. शोधायला मीच गेलो. नवरदेवाच्या खोलीत हे फेटा बांधून खुर्चीवर बसलेले, पुढ्यात बरणी, एका हाताच्या मुठीत अक्षता आणि दुसऱ्या हातात खिशातला गोल आरसा. या माशाला रोज थोडा वेळ आरसा दाखवावा लागतो. आरशातला मासा त्याला परका वाटतो, तो चिडतो, गाल फुगवतो आणि शेपटी सर्व बाजूंनी ताणून उघडतो. मग आरसा काढून घ्यायचा. एवढा व्यायाम रोज पाहिजे. मी म्हणालो, "अहो, मुहूर्त टळतोय!" मान वर न करता ते म्हणाले, "मुहूर्त दुसरा भेटल. पन याला रोज कुनीतरी समोर लागतं. न्हायतर शेपूट आखडतं, नि आखडलेलं शेपूट मग उघडता उघडत न्हाय." माशाने शेपटी उघडली, यांनी ती डोळे भरून पाहिली आणि मग माझ्या मुलीचं लग्न लागलं.

बाकी उपद्रव सांगायचे तर रात्र पुरायची नाही. आमच्या अलिबागच्या अंगणात रानबदामाचं झाड आहे. त्याची लाल होऊन गळलेली पानं पाण्यात टाकली की माशांना मानवतात. हे व्याह्यांना कळल्यापासून माझ्या अंगणात मला झाडू मारायची बंदी आहे. आठवड्याला हे पोतं घेऊन एसटीने येतात, एकेक पान उन्हाकडे धरून पारखतात, आणि डाग असलेली पानं मला परत देतात! माशांना खायला डासांच्या अळ्या लागतात म्हणून परसात एक बादली मुद्दाम भरून ठेवलेली असते. एकदा आरोग्य खात्याची ताई घरोघर साठलेलं पाणी तपासत आली. तिने बादली ओतायला घेतली तर हे बादलीवर आडवे पडले. "आजोबा, यानं अख्ख्या गावाला डेंगी होईल!" असं ती ओरडतेय आणि हे सांगताहेत, "एकबी डास उडत न्हाय माझ्याकडं. उडायच्या आदीच खाल्ला जातोय." शेवटी बादलीवर मच्छरदाणी बांधायची, यावर तडजोड झाली. डासांना आत ठेवायला मच्छरदाणी लावणारं जगातलं ते पहिलं घर असावं.

या माणसाने मला चार वर्षांत एकदाही "बरोबर हाय तुमचं" म्हटलेलं नाही. मी म्हणावं आज ऊन फार आहे, की ते म्हणणार, ऊन कुठं, दमट हाय. मी म्हणावं सुरमई ताजी दिसतेय, की ते म्हणणार, ताजी न्हाय, बर्फातली हाय, आणि मग तीच सुरमई माझ्यापेक्षा दोन तुकडे जास्त खाणार. "खायाचा मासा येगला, बघायाचा मासा येगला," हे वर. दर रविवारी मी मुलीला भेटायला म्हणून जायचो आणि दिवसभर यांच्याशी भांडून घसा बसवून परत यायचो. बायको म्हणायची, "रविवारी रात्री चार घास जास्त जाताहेत तुम्हाला." मी तिला सांगायचो, ते संतापाने जाताहेत.

गेल्या वर्षी एका सकाळी फोन आला. पलीकडून व्याही रडक्या आवाजात ओरडत होते, "झाला! आपल्या घरात झाला! निला हाय!" मुलीला दिवस गेल्याचंसुद्धा आपल्याला कळवलं नाही, आणि वर मूल निळं, असं म्हणून बायकोने हंबरडा फोडला. दर रविवारी मी मुलीला बघत होतो, हे त्या घाईत मलाही आठवलं नाही. मिळेल ती रिक्षा करून आम्ही काशीदच्या वाटेला लागलो. पोचतो तर मुलगी दारात ठणठणीत उभी आणि व्याही एका बरणीपुढे हात जोडून. इतक्या वर्षांत विकत आणलेले हाफमून पुष्कळ झाले, पण त्यांच्या मते ते दत्तक. घरातल्या जोडीपासून घरातच वाढलेल्या पिल्लाने पुरती एकशेऐंशी अंशांची शेपटी उघडली होती, ती पहिल्यांदाच. गर्द निळा मासा होता. मी रिक्षाचं भाडं देऊन आलेलो, तरी खोटं कशाला बोलू, शेपटी उघडल्यावर तो सुंदर दिसला. अर्थात मी ते बोललो नाही. मी म्हणालो, "डावीकडे जरा कमी वाटतो." त्या दिवशी जेवण झालं तरी आमचं भांडण चालूच होतं.

याच माणसाने मला एकदा या माशांचं बापपण समजावलं होतं. मादी अंडी टाकून मोकळी होते, मग तिला बाजूला काढतात. नर तोंडाने बुडबुड्यांचं घरटं बांधतो, त्यात अंडी ठेवतो, खाली पडलेलं पिल्लू तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो, दिवसरात्र, न जेवता. "पन पोरं आडवी पवायला लागली ना, का बापाला उचलून दुसऱ्या बरनीत टाकायचं. मग तो तिथं ऱ्हायला तर घोटाळा व्हतो." मी तेव्हा जांभई दिली होती. या दिवाळीनंतर ते मला आठवलं. जावई न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. आठवडाभर तिकडे खोलीवर आणि शनिवारी घरी, असं किती दिवस चालणार? दोघांनी उलव्याला घर घेतलं. "पप्पा, तुम्हीही चला," म्हणून माझी मुलगी त्यांच्यापुढे अक्षरशः रडली. हे म्हणाले, "सातव्या माल्यावर मासं चक्कर येऊन पडतील माजं." होडी कुणाला लागते ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी हसलं नाही. मी बाजूला घेऊन त्यांना विचारलं, "पोरांना अडवत का नाही तुम्ही?" ते म्हणाले, "आडवी पवतात आता. बापाला उचलायचा टाइम झाला."

मुलीने जाताना मला बजावलं होतं, "बाबा, तुम्ही रविवारचे जात जा हं." मुलगीच तिथे नाही तर मी कशाला जाऊ त्या बरण्यांत, असं म्हणत दोन रविवार टाळले आणि तिसऱ्या रविवारी बायकोने डबा हातात देऊन मला एसटीत बसवलं. व्याही ओटीवर बसले होते. मी म्हणालो, "काय ऊन आहे हो!" ते म्हणाले, "हाय खरं." मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी म्हणालो, "या वर्षी मासळीच नाही समुद्रात." ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं."

खोटं सांगत नाही, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने डबा खाल्ला असता. आत गेलो. बरण्या स्वच्छ होत्या, पाणी बदललेलं होतं, माशांच्या पोटापाण्यात कुठे उणं नव्हतं. पण पत्रिका जिथल्या तिथे उभ्या होत्या, आणि खिडकीत ठेवलेल्या आरशावर धूळ बसली होती. निळा मासा बरणीच्या तळाशी शेपटी मिटून पडला होता. "आरसा?" मी विचारलं. "ऱ्हातंय," ते म्हणाले. मग म्हणाले, "अलिबागचा दुकानदार येनार हाय उद्या. सगलं घेऊन जाईल म्हनतो, बरन्यांसकट. काय करायचंय शेपट्या बघून? तुमी म्हनायचाच ना, बंद करा हा धंदा. बरोबर व्हतं तुमचं." दुसऱ्यांदा! चार वर्षं ज्या दिवसाची मी वाट बघत होतो तो दिवस समोर येऊन उभा राहिला होता, आणि मला तो नको होता. उद्या भिंत मोकळी होईल, आणि या मोकळ्या भिंतीसमोर हा माणूस होय होय म्हणत बसून राहील.

धीराचे चार शब्द मला कधी जमले नाहीत. मी निळ्याच्या बरणीपाशी गेलो, चष्मा पुसला, वाकून नीट बघितलं, आणि कोर्टातल्या आवाजात म्हणालो, "नेऊ दे त्याला. तसाही हा हाफमून नव्हताच. सुपरडेल्टा आहे."

मी पुढे म्हणालो, "त्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला. डावीकडची कड पडलेली आहे. जवळपास हाफमून म्हणू हवं तर."

"जवलपास?"

हा शब्द ओटीवरून आला, आणि त्याच्यामागून व्याही आले. मान ताठ, डोळे लाल, गाल फुगलेले. "जवलपास? मिठागरवाल्यांनी मला शेपूट शिकवायचं? अवो, तुमाला मांदेली नि बोंबील येगला कलत न्हाय, नि तुमी माझ्या निल्याला डेल्टा म्हनता?" कोनमापक सापडेना. सगळे खण उपसले. आरसा धोतराच्या सोग्याने पुसला आणि बरणीला लावला. निळा जरा वेळ बघत राहिला, मग हळूहळू उघडू लागला, पण पुरता काही उघडला नाही. "एकशेसाठसुद्धा नाही," मी म्हणालो. ते इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या दोन बायका दारात आल्या. "आखडलाय तो! किती दिस आरसा न्हाय बघितला त्यानं! रोज दाखवतो आता. पुढच्या रविवारी या, नि ह्याच डोल्यांनी बघा!" मी म्हणालो, "उद्या तर दुकानदार येणार ना?" त्यांनी माझ्यादेखत दुकानदाराला फोन लावला आणि त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग माझा डबा उघडून, तळलेली तुकडी शिळी आहे असं म्हणत, ती सगळी खाल्ली.

पुढच्या रविवारी मी पहिल्या एसटीने गेलो. ओटीवर ते कोनमापक घेऊनच बसले होते. निळ्याच्या आणि शेजारच्या बरणीच्या मधली माझ्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी हलकेच वर उचलली. दोन मासे समोरासमोर आले. निळ्याने गाल फुगवले, पाठीवरचा पर उभा केला आणि शेपटी उघडली. उन्हात ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत उभी राहिली. पुरते एकशेऐंशी अंश होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. व्याही श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "एकशेअठ्ठ्याहत्तर."